वैरागच्या कार्डाचं उत्तर

अण्णा, चाळीतला नळ अजून गळतोच आहे. त्याच्या मानेला तुम्ही बांधलेला लाल दोरा पाण्यानं काळा पडला, पण सुटला नाही. काल तुमचा तेरावा झाला. पत्रावळी उचलल्या, पाहुणे गेले. आज सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा मी सवयीनं तुमच्या खोकल्याची वाट पाहत पडून राहिलो. भोंगा, खोकला, बादलीचा आवाज, आणि मग नळावर तुमची पहिली तक्रार, असा आपल्या घरी दिवस उगवत असे. आज भोंग्यानंतर काहीच नाही.

तेरा दिवस लोकांनी तुमचे गुण सांगितले. मी ऐकून घेतले. मला ते सांगायचे नाहीत. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. समोर एक जवाबी कार्ड आहे. काल तुमच्या कोटाच्या खिशात सापडलं. त्याचं एक अर्ध वैरागच्या सोपानरावांनी लिहिलेलं आहे. उत्तराचं अर्ध कोरं आहे. ते आज मला भरायचं आहे. तुमच्या इंदूचं, माझ्या पुतणीचं, पुढं काय होणार ते त्या कोऱ्या अर्धावर ठरणार आहे. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेतो.

तुम्हाला जग पसंत नव्हतं, हे पहिलं. वीस वर्षं तुम्ही गिरणीच्या घडीखात्यात कापड तपासलं. खिडकीखालच्या तिरक्या फळीवरून तागा ओढायचा, तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण दिसली की तिथं काठात लाल दोरा ओवायचा आणि पुढं सरकायचं. दोरा असलेला तागा गठ्ठ्यात जायचा नाही. कुणीतरी तो पुन्हा बघायचा. ते डोळे तुम्ही संध्याकाळी गिरणीतच ठेवून आला असता तर आम्ही सुखानं जेवलो असतो. पण तुम्ही ते घरी आणत होता, आणि खिशात दोऱ्याचे तुकडेही. छत्रीच्या काडीला दोरा, गळक्या घागरीला दोरा, खाटेच्या डुगडुगत्या पायाला दोरा. वाण्यानं करडईच्या तेलात भेसळ केली तेव्हा त्या बुधलीच्या गळ्यात दोरा बांधून तुम्ही ती त्याच्याच गल्ल्यासमोर ठेवून आलात. तो आठवडाभर वहिनींना विचारत होता की हा काही करणीचा प्रकार आहे का.

घरचा नेम असा, की वस्तू नीट झाल्याशिवाय दोरा कुणी काढायचा नाही.

तुमची मतंही तशीच. चहा म्हणजे गोऱ्यानं गरिबाच्या गळ्यात बांधलेला काढा, आणि तरी रोज दोन कप. दवाखान्यातला कंपाउंडर रंगीत पाणी देतो. मास्तर लोकांना सुट्ट्या इतक्या असतात की पगार कशाचा देतात हे सरकारनं एकदा सांगावं. हे माझ्याकडं बघून. रोज संध्याकाळी भाकरी होईपर्यंत इंदूनं तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, कारण दिवसभर कापड बघून तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ती एक ओळ वाचायची आणि तुम्ही दोन ओळी बोलायचा. विलायतेत परिषद भरली, असं तिनं वाचलं की तुम्ही विचारायचा, "तितं नळ गळत न्हाय वाटतं कुणाचा?"

मी हसत असे. पण अण्णा, दर वेळी हसू येत नव्हतं. मी जेऊरच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा, पुण्याला जाऊन बी.ए. झालो. आपल्या सात पिढ्यांत कुणी झालं नव्हतं. त्याचा मला अभिमान होता आणि आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आणि घरी आलो की तुम्ही माझ्या सदऱ्याची शिवण बघायचा.

आणि तरीही मी पदवी घेऊन आलो त्या दिवसापासून तुम्ही टाक हातात धरला नाही. चौथीपर्यंत शिकला होता, अक्षर माझ्याहून बरं होतं. पण प्रत्येक पत्र माझ्याकडून लिहून घ्यायचा, इंदूकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा, आणि मगच पेटीत टाकायचा. मी एकदा कंटाळून म्हटलं, तुम्हीच लिहा की. तुम्ही म्हणालात, "घरात बीए असताना माझ्या हातचं पत्र गेलं, तर लोक इचारतील, शिकवून उपेग काय झाला?"

हा नेम आपल्याला किती महागात पडला ते पुढं सांगतो.

इंदू मार्गशीर्षात चौदा वर्षांची झाली. मुलीचं लग्न चौदाच्या आत करायचं नाही, हा सरकारचा नवा कायदा तुम्हाला मुळीच आवडला नव्हता. पण तो मोडायचा नाही यावरही तुम्ही ठाम होता. वाढदिवस होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तुम्ही वैरागचं स्थळ काढलंत. सोपानरावांचं बाजारात घोंगड्यांचं दुकान, मुलगा धाकटा, चौथी शिकून दुकानात बसलेला. इंदू सहावीत, वर्गात पहिली. मी म्हटलं, सातवीची परीक्षा होऊ द्या, एक वर्ष राहिलं आहे.

"आन मग?"

"मग ट्रेनिंगला जाईल. मास्तरीण होईल."

"मास्तरणीला नवरा कोण देणार? तू?"

त्यावर मी बरंच काही बोललो. स्त्रीशिक्षण, समाज, पुण्याकडं काय चाललंय. सभेत बोलावं तसा बोललो. तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात आणि म्हणालात, "मला शाळेतनं काढून गिरणीत घातलं तवा मला कुणी इचारलं न्हाय, तुला शिकायचंय का म्हणून. त्यातनं तू शिकलास. आता तू मला शिकवू नको."

हे वाक्य तुम्ही वीस वर्षांत पहिल्यांदा बोललात. ताटावरून उठून गेलो. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची सवय मलाही लागली होती.

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते सांगतो. माघात वैरागची मंडळी इंदूला बघायला आली तेव्हा जे झालं, ते रागाच्या भरात झालं असं वहिनींना वाटतं. तसं नव्हतं. मी ते आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. तिला नाव विचारलं, चालायला सांगितलं, शेंगाची चटणी येते का विचारलं. मग मी कुणी न सांगता तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं. ती न अडखळता वाचत गेली. सोपानराव मान डोलवून म्हणाले, ब्येस वाचती. मी विचारलं, मुलगा किती शिकलाय? ते म्हणाले, चवथी. तेव्हा मी तयार ठेवलेलं वाक्य बोललो.

"मग बरं झालं. दुकानाची पाटी वाचायला तुम्हाला माणूस लागणारच."

घरात आलेल्या पाहुण्याला. तुमच्या घोंगडीवर बसलेल्या, तुमच्या वयाच्या माणसाला. आणि मुलगाही तिथंच बसला होता, बिचारा, मान खाली घालून. मंडळी उठली. पानाचं तबक कुणी शिवलं नाही.

तुम्ही ओरडाल म्हणून मी वाट बघत होतो. माझी उत्तरंही तयार होती. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना खुंटीवरचा कोट काढला, तर त्याच्या वरच्या काजाला लाल दोरा. माझ्या अंगाची लाही झाली. मी तो तुमच्यासमोर तटकन तोडला आणि मोरीत फेकला. घरातला दोरा आजवर कुणी असा तोडला नव्हता. तुम्ही बघितलंत, टोपी घातलीत आणि गिरणीत गेलात.

त्यानंतर अकरा दिवस आपण बोललो नाही. एका खोलीत, एका चुलीवरचं खाऊन. सगळा कारभार इंदूच्या तोंडून.

"काकाला सांग, पाणी आलंय."

"अण्णांना सांग, ऐकू आलं."

ती बिचारी दारात उभी राहून दोघांना दोघांचं सांगायची, आणि दोघांनाही ते आधीच ऐकू आलेलं असायचं. पहिले दोन दिवस तिला हसू यायचं. पुढं येईनासं झालं.

बाराव्या दिवशी तुम्ही तापानं गिरणीतून परत आलात. वीस वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या भोंग्याआधी. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. मग मी जवळ बसत होतो, कपाळावर ओलं फडकं ठेवत होतो. रोज मनात जुळवाजुळव करायचो की आज म्हणू, अण्णा, त्या दिवशी माझं चुकलं. आणि रोज वाटायचं, ताप उतरू दे, शुद्धीवर असलेल्या माणसाशीच हे बोलायला हवं. पुण्यात शिकलेल्या माणसाला असं नेमकं कारण पटकन सापडतं. शेवटी तुम्हीच बोललात. डोळे न उघडता म्हणालात, "फडकं नीट पीळ." मी नीट पिळलं. पुन्हा तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत. माझ्या वाट्याला तुमचे शेवटचे शब्द म्हणून एवढेच आले, आणि ते खरेच होते, उशी भिजत होती.

स्मशानातून परतताना शेजारच्या खोलीतला नरसय्या माझ्याबरोबर होता. विणकर. तुमच्या दोऱ्यांमुळं त्याचा पगार कितीदा कापला गेला असेल. मला वाटलं, हा माणूस नुसता रीत म्हणून आला. तो आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला, "मास्तर, तुमचा भाऊ लई कडू माणूस. पण खोटा दोरा कधी बांधला नाही. मला घरी येऊन दाखवायचा, हे बघ, इथं सुटलंय तुझं." मी मान हलवली. माझ्या कोटाच्या काजात अजून त्या तोडलेल्या दोऱ्याची गाठ होती.

चार दिवसांपूर्वी वहिनी म्हणाल्या, भावजी, तो कोट टाका इकडं, काखेत उसवलाय. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, त्यांनीच तेव्हा सांगितलं होतं की दोरा बांधलाय, शिवून ठेव म्हणून. पण मग तुम्ही दोघं असं धरून बसलात की मी विसरलेच. मी कोट उलटा करून बघितला. वीतभर उसवला होता. कोट उसवला होता हे खरं, आणि त्या दिवशी मीही उसवलो होतो. तुम्ही कशाला बांधला होतात, हे आता कुणाला विचारू?

आणि मग काल सोपानराव आले. तेराव्याला येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वहिनींना दुखवट्याचं लुगडं आणलं होतं. जेवले, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसले. मी जमिनीकडं बघत होतो. ते म्हणाले, "मास्तर, कार्डाचं उत्तर आलं न्हाय. म्हटलं, रागावले असतील. मग ही बातमी कळली."

मला कार्ड माहीतच नव्हतं. वहिनींनी तुमचा कोट आणला. आतल्या खिशात, दोऱ्याच्या तुकड्यांबरोबर, घडी न मोडलेलं. त्यावर लिहिलं होतं की मुलगी पसंत आहे, आणि काकांच्या बोलण्याचा राग धरलेला नाही, मुलगा चौथीच शिकलाय, ते खोटं बोलले नाहीत. आपला होकार-नकार जोडकार्डानं कळवावा.

टपालाचा शिक्का बघितला. आपण बोलत नव्हतो त्यातल्या चौथ्या दिवशी ते आलं होतं. म्हणजे सात दिवस तुम्ही ते खिशात घेऊन गिरणीत गेलात आणि आलात. हो म्हणायचं होतं की नाही म्हणायचं होतं? वहिनींना तुम्ही काही बोलला नाहीत. लिहायला मी लागत होतो, आणि मला सांगायचं तर इंदूच्या तोंडून सांगावं लागलं असतं. तिच्याच लग्नाचं उत्तर. ते कसं सांगणार? एका ओळीचं पत्र, अण्णा. तुम्ही स्वतः लिहू शकला असता. पण घरात बी.ए. होता.

मी कार्डाच्या चारी कडा बोटांनी चाचपल्या. दोरा असता तर मला उत्तर मिळालं असतं. दोरा नव्हता.

सोपानराव शांतपणं म्हणाले, "घाई करत न्हाय. पण तुमास्नी ठावं हाय. घरात माणूस गेलं की लगीन वर्साच्या आत उरकावं, न्हायतर तीन वर्सं थांबावं लागतंय. बघा, इचार करून कळवा." हे सगळ्यांनाच माहीत होतं. तेरा दिवस जो तो हेच बोलत होता. वर्षाच्या आत उजवून टाका, पोरीचा बाप गेलाय.

संध्याकाळी वहिनी स्वतःहून बोलल्या. एरवी त्या माझ्यासमोर पदर नीट केल्याशिवाय बोलत नाहीत. काल पदर तसाच होता. म्हणाल्या, माणूस चांगला आहे, घर चांगलं आहे, द्या करून. मी तीन वर्षं थांबू म्हणालो. तीन वर्षांत सातवी आणि ट्रेनिंग दोन्ही होतं.

"तीन वर्षांत तुमचं लगीन हुईल, भावजी. तुमची बायको शिकलेली येईल. तिला माझी पोर जड व्हायला किती दिवस लागतील?"

"मीही तीन वर्षं थांबतो. नेम घराला आहे, तर तो मलाही आहे."

पंढरीनाथाची शपथ घ्या, असं वहिनी म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या फोटोला न्हाय, माझ्या तोंडावर सांगितलंत. ध्यानात ठेवीन."

अण्णा, ज्या रूढीला मी शाळेत मुलांसमोर खुळी म्हणतो, तिच्याच आड मी उभा राहिलो. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही होता तर तिला एक वर्ष मिळत नव्हतं. तुम्ही गेलात म्हणून तीन मिळताहेत. हा हिशेब मनात आला तेव्हा मला बसवेना. पण आला तो आला. तुमच्यापासून काय लपवायचं?

इथवर तुमच्याशी बोललो, मग टाक घेतला आणि कोऱ्या अर्धावर लिहिलं. वहिवाटीप्रमाणं तीन वर्षं थांबणं भाग आहे, शिवाय मुलीनं सातवी पुरी करावी अशी कैलासवासी बंधूंची शेवटची इच्छा होती. वाक्य छान बसलं होतं. त्यावर सोपानरावांना काही बोलताच आलं नसतं, वहिनींनाही नाही. मग नेमाप्रमाणं इंदूला हाक मारली आणि वाचायला दिलं.

ती वाचत गेली आणि त्या ओळीवर थांबली.

"काका, अण्णा असं कधी म्हणाले?"

"म्हणाले असते."

"म्हणाले न्हाईत की. तुमी दोघं भांडत हुता तवा मी चुलीपाशीच हुते."

मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी आहे. ती उठली, तुमच्या कोटाच्या खिशातून लाल दोरा काढला, सुईत ओवला, आणि त्या ओळीच्या शेजारी कार्डाच्या काठाला टाका घालून गाठ मारली. गाठ तुमच्यासारखीच, दोन वेढ्यांची. मग खाली बघत म्हणाली, "सातवी करायची हाय मला. लई करायची हाय. पण ती माझी म्हणून लिवा. अण्णांच्या तोंडात घालू नका."

तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, हे तुम्ही मला सुनावलं होतंत. आणि मग आपण दोघं, एक गिरणीत शिकलेला आणि एक पुण्यात, दोन महिने तिच्यावरून भांडलो. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला विचारावं हे ना तुम्हाला सुचलं ना मला. तुमचं एक वेळ समजू शकतो. मी तर स्त्रीशिक्षणावर बोलत होतो.

उत्तराचं कार्ड एकच असतं. फाडून दुसरं घेता येत नाही. मी ती ओळ खोडली. खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: माझ्या बंधूंचं मत काय ठरलं होतं ते मला माहीत नाही, त्या दिवसांत आम्ही बोलत नव्हतो, दोष माझा. थांबावं हे मत माझं आहे. सातवी करावी ही इच्छा मुलीची आहे, तिनं स्वतः सांगितली. आमच्या घरी आलेल्या आपल्याला बोललो त्याबद्दल हात जोडतो, चिरंजीवांनाही सांगावं. तीन वर्षांनी आपली इच्छा असली तर पुन्हा यावं. त्या वेळी तिला विचारूनच उत्तर देऊ.

इंदूनं ते पुन्हा वाचलं, मोठ्यानं, वहिनींना ऐकू जाईल असं. मग तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, आता जाऊ दे.

कार्ड पेटीत टाकून आलो, अण्णा. एक ओळ खोडलेली आहे आणि काठाला सुईची दोन भोकं आहेत. असा तागा तुमच्या हातून गठ्ठ्यात गेला नसता. सोपानराव काय समजतील, वहिनी माझ्यावर किती विश्वास ठेवतील, मी तीन वर्षं शब्दाला जागतो की नाही, काही सांगता येत नाही. तुम्ही असता तर एव्हाना कुठं कुठं दोरा बांधायचा ते ठरवलं असतंत.

दुसरा भोंगा झाला. इंदू नळावरून ओरडते आहे, पाणी आलंय. कुणाचा निरोप, ते आता ती सांगत नाही.

अण्णा, ऐकू आलं.